एक सोडून सगळं

सूचना सोमवारी सकाळी लागली आणि मंगळवारपासून खटपट्यांचं पोट बिघडलं.

खटपटे हे त्यांचं आडनाव नव्हे. फिनेलच्या बाटल्यांना लेबल लावायच्या यंत्राशी त्यांनी सव्वीस वर्षं इतकी खटपट केली होती, की त्यांचं खरं आडनाव आता हजेरीच्या यंत्रालाच तेवढं ठाऊक होतं. लेबलाचं यंत्र जुनं होतं, आडमुठं होतं आणि खटपट्यांखेरीज कुणालाही जुमानत नसे. एखादा नवा इंजिनिअर त्याच्या वाटेला गेला, की पहिल्या शंभर बाटल्यांवरची लेबलं सुरकुतलेली निघत. मग खटपटे हातातला चहाचा कप खाली ठेवून सावकाश उठत. थाटात कराव्यात अशा गोष्टी त्यांच्या आयुष्यात फारशा नव्हत्या. ही एक होती, आणि तीत ते घाई करत नसत.

सूचना अशी होती, की प्रत्येक कर्मचाऱ्याने आपल्याजवळचे ज्ञान महिनाअखेरपर्यंत कंपनीच्या 'ज्ञानकोठारा'त जमा करावे. ज्ञानकोठार म्हणजे काही खोली नव्हे. ते संगणकात होतं. प्रत्येक नोंदीला गुण मिळणार होते. शेवटची ओळ बारीक अक्षरांत होती: पन्नासपेक्षा कमी गुण असलेल्यांशी व्यवस्थापन चर्चा करेल.

ज्ञान म्हणजे काय, याबद्दल कारखान्यात बरेच मतभेद होते. चर्चा म्हणजे काय, याबद्दल मात्र कुणाच्याही मनात शंका नव्हती. गेल्या वर्षी चौघांशी चर्चा झाली होती. त्यांतले तिघे अजून नोकरी शोधत होते आणि चौथ्याने शोधणं सोडून दिलं होतं. खटपटे चोपन्न वर्षांचे होते. चोपन्नाव्या वर्षी, 'मला एक यंत्र फार छान चालवता येतं, पण ते दुसऱ्या कंपनीचं आहे,' असं सांगत कुणाच्या दारात उभं राहायचं, हे त्यांना सुचेना.

"नोंद नाही केली तर चर्चा," ते बायकोला म्हणाले. "आणि सगळं लिहून दिलं, तर मग मी हवा कशाला? कोठारातून काढतील आणि लावतील लेबलं."

बायको शाळेत गणित शिकवत असे. वह्या तपासता तपासता ती म्हणाली, "अहो, म्हणजे दोन्हीकडून उत्तर शून्यच येतंय. मग खरं ते लिहा. निदान ताळा तरी जुळेल."

सल्ला चांगला होता, पण खटपट्यांना हवा तो नव्हता. आणि हवा तो सल्ला मिळेपर्यंत माणूस विचारत सुटतो. म्हणून ते शेजारच्या हेडक्लार्ककडे गेले. हेडक्लार्कना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण ते अजून खिशाला पेन लावून बसत. त्यांनी सूचना दोनदा वाचली, उलटून पाठीमागे काही आहे का ते पाहिलं आणि चष्मा काढला.

"खटपटे, लिहा. भरपूर लिहा. पण एक गोष्ट मागे ठेवा. चौतीस वर्षं प्रत्येक फायलीतला एक कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता. लोक म्हणायचे, साहेबांवाचून पान हलत नाही. अहो हलणार कसं? पान माझ्याकडे होतं."

आतून त्यांच्या पत्नी केक घेऊन आल्या. या वहिनींचा केक साऱ्या इमारतीत नावाजलेला होता. कृती विचारेल त्याला त्या आनंदाने लिहून देत, आणि आजवर दुसऱ्या कुणाच्याही घरी तो फुगला नव्हता. खटपट्यांनी दोन तुकडे खाल्ले. सूचना लागल्यापासून पहिल्यांदाच त्यांना नीट भूक लागली होती.

आता राहिला फॉर्म. फॉर्म भरायला त्यांना चार दिवस लागले, आणि त्यांतले तीन ज्ञानाशी संबंध नसलेल्या रकान्यांत गेले. 'ज्ञान कोणत्या तारखेस प्राप्त झाले?' आता सव्वीस वर्षं थेंबाथेंबाने आलेल्या गोष्टीची तारीख काय सांगायची? शिवाय संगणकातलं कॅलेंडर दहा वर्षांपलीकडे जाईना. 'ज्ञानाची मुदत कधी संपते?' इथे त्यांनी भाबडेपणाने स्वतःच्या निवृत्तीची तारीख टाकली, मग दचकून खोडली, कारण ती कोठाराला आपणहून कळवण्यात शहाणपण नव्हतं. 'ज्ञानाचे छायाचित्र जोडा' हा रकाना अनिवार्य होता. खूप विचार करून त्यांनी यंत्राशेजारी उभं राहून काढलेला स्वतःचा फोटो जोडला.

मग पायऱ्या. गोंद किती गरम करायचा, रबरी रूळ कोणत्या कापडाने पुसायचा, पट्टा किती ताणायचा, पहिली बाटली कोणत्या हाताने सोडायची, अशा अकरा पायऱ्या त्यांनी इतक्या मन लावून लिहिल्या, की वाचताना त्यांना स्वतःबद्दलच आदर वाटू लागला. बारावी त्यांनी लिहिली नाही. ती होती सर्वांत साधी: काम सुरू करण्याआधी लेबलांचे रोल तासभर बॉयलरच्या भिंतीशी उभे ठेवायचे, म्हणजे कागदातली ओल निघून जाते. एवढंच. ते रोज पाळी सुरू होण्याच्या तासभर आधी येत आणि हे उरकून टाकत. बघणाऱ्याला वाटे, माणूस आवराआवर करतोय.

नोंदीला पंचावन्न गुण मिळाले. कॅन्टीनबाहेरच्या पडद्यावर खटपट्यांचा यंत्रासकट फोटो झळकला आणि त्यांच्या कृतीला 'प्रमाणित पद्धत' असा हिरवा शिक्का बसला. दोन दिवस खटपटे जेवणानंतर मुद्दाम त्या पडद्यासमोरून चकरा मारत होते. तिसऱ्या दिवशी कुणीतरी येऊन त्यांच्या यंत्राला एक टॅबलेट टांगून गेलं.

प्रमाणित पद्धत, असं कळलं, सगळ्यांनी पाळायची असते. सगळ्यांत खटपटेही आले. टॅबलेटवर अकरा चौकोन होते. प्रत्येक पायरीनंतर एकेका चौकोनात खूण करायची. खूण करायला त्यांची ना नव्हती. पण दुसऱ्या दिवशी सुरक्षाफेरीवाले आले आणि बॉयलरजवळ उभे केलेले रोल पाहून थबकले.

"हे काय आहे?"

"रोल."

"ते दिसतंय. कोणत्या पायरीत बसतात?"

खटपट्यांनी टॅबलेटवरचे अकराही चौकोन वरून खाली पाहिले. रोल 'अनधिकृत ठिकाणी ठेवलेली वस्तू' म्हणून गोदामात परत गेले आणि त्या जागी लाल पट्टी चिकटवली गेली. आपण खणलेल्या खड्ड्यात माणूस कसा पडतो हे खटपट्यांनी पुष्कळदा ऐकलं होतं. पण पडल्यावर खड्ड्याच्या काठाला लाल पट्टीही लावतात, हे त्यांना नवीन होतं.

हवा कोरडी होती तोवर निभावलं. मग ती दमट झाली आणि लेबलं सुरकुतली. पहिल्या दिवशी दोनशे बाटल्या, दुसऱ्या दिवशी पाचशे. खटपट्यांनी चहाचा कप खाली ठेवला, थाटात उठले, आणि यंत्राजवळ जाऊन नुसते उभे राहिले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी रबरी रूळ पुन्हा एकदा पुसला.

अखेर त्यांनी ठरवलं, की बारावी पायरी नवी कल्पना म्हणून द्यायची. म्हणजे लबाडीही उघडी पडणार नाही आणि गुणही मिळतील. पूर्वी कल्पना देणं सोपं होतं. कॅन्टीनच्या दाराशी लाकडी पेटी होती, तीत चिठ्ठी टाकायची. आता कल्पना सुचली की आधी कोठारात शोधायचं, ती कुणाला आधीच सुचली तर नाही ना. जुळणी ऐंशी टक्क्यांवर गेली की कल्पना जुनी. पॅकिंगवाल्या बाईंनी खोकी आडवी रचण्याची युक्ती काढली होती; ती कॅन्टीनमधल्या 'खुर्च्या रचण्याच्या पद्धती'शी अठ्ठ्याऐंशी टक्के जुळली आणि फेटाळली गेली. त्यानंतर बाईंनी युक्त्या काढणं बंद केलं. "आधी शोधा, मग फॉर्म भरा, मग खुर्च्यांशी जुळवा. त्यापेक्षा डोकं बाजूला ठेवून पॅक करते," असं त्या सरळ सांगत.

खटपट्यांनी बारावी पायरी लिहून बटण दाबलं. उत्तर चटकन आलं: 'आपली कल्पना प्रमाणित पद्धतीशी एक्क्याण्णव टक्के जुळते. ही कल्पना अस्तित्वात आहे. अधिक माहितीसाठी मूळ तज्ज्ञांना विचारा.' मूळ तज्ज्ञ म्हणून त्यांचंच नाव होतं. शेजारी तोच फोटो.

त्यांनी मूळ तज्ज्ञांना विचारलं. विनंती त्यांच्याच पडद्यावर आली; त्यांनी ती अदबीने वाचली आणि मान्य केली. अर्ध्या तासाने ती परत आली. अर्जदार आणि तज्ज्ञ एकच असल्याने हितसंबंध गुंतले आहेत, असं त्यात म्हटलं होतं. नोंद दुरुस्त करायला गेले, तर प्रमाणित नोंदीला कुलूप. स्वतःचं ज्ञान स्वतःलाच बंद झाल्यावर माणसाने काय करावं, हे पुस्तिकेत दिलं नव्हतं. पुस्तिका त्यांनी तीनदा वाचली. पुस्तिकेत एक कलम मात्र होतं: ज्ञान जाणूनबुजून दडवणे हे गैरवर्तन समजले जाईल. हे वाचून खटपटे ग्लासभर पाणी प्यायले.

इथवर जे काही होतं ते त्यांच्या एकट्याच्या डोक्याला होतं. गुरुवारी दुपारी पट्टशिष्याचा फोन आला.

पट्टशिष्य हे अर्थात टोपणनाव. नऊ वर्षं तो खटपट्यांच्या हाताखाली होता. मग कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात, बसने तीन तासांवर, तसल्याच यंत्रावर प्रमुख म्हणून गेला. तिथे त्याची आई, बायको आणि दोन लहान मुली असा संसार होता.

"मास्तर, तुमची पद्धत लावलीय इथे," तो म्हणाला. "अकराच्या अकरा पायऱ्या करतोय. लेबलं सुरकुततात. आठवड्याचा माल परत आला."

"रूळ पुसतोस ना?"

"पुसतो. तुमच्या लिहिण्यात चूक असणार नाही. माझंच काहीतरी राहत असेल. साहेब म्हणतात, पद्धत प्रमाणित आहे, म्हणजे दोष माणसात आहे." मग तो म्हणाला, "सोमवारी चर्चेला बोलावलंय मला."

खटपटे म्हणाले, "अरे, ते रोल आहेत ना—"

"फोनवर नको, मास्तर," पट्टशिष्य घाईघाईने म्हणाला. "लेखी आलं तरच करता येईल मला. नाहीतर तेही माझ्यावरच शेकेल. तुम्ही एवढं करा, नोंद एकदा वाचून बघा. काही राहिलंय का."

त्याच्या आवाजात राग असता तर खटपट्यांनी तो सहन केला असता. रागावर उलट रागावता येतं. तो अगदी नेहमीच्या आवाजात बोलत होता, आणि खटपट्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. हेडक्लार्कच्या ड्रॉवरमध्ये कागद अडकला की फाइल थांबत असेल. इथे माणूस थांबणार होता. त्या रात्री त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने वही मिटली आणि, "मग उद्या वरच्या मजल्यावर जा," एवढंच म्हणाली. 'मी म्हटलं नव्हतं का?' हे तिने म्हटलं नाही, त्याचाही त्यांना थोडा त्रास झाला.

वरच्या मजल्यावर काचेच्या केबिनमध्ये ज्ञानकोठाराची अधिकारी बसत असे. तिशीची, हसतमुख मुलगी. कारखाना तिला ज्ञानताई म्हणे. खटपट्यांनी जिन्यात वाक्य पाठ केलं होतं. दारात पोचेपर्यंत त्याचा उत्तरार्ध गळाला होता.

"ताई, माझ्या हातून ज्ञान... म्हणजे एक पायरी राहिली. राहिली नाही. मी ठेवली. मागे."

ज्ञानताईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "काका, दार लावून घ्या," ती म्हणाली.

खटपट्यांनी दार लावलं. काचेच्या केबिनचं दार लावून काही लपत नाही, पण त्यांना वाटलं, निदान आवाज तरी बाहेर जायचा नाही. ते खुर्चीच्या टोकावर बसले.

"एकच गाळलीत?"

"एकच. शपथेवर सांगतो."

"सगळे एकच गाळतात," ती म्हणाली आणि तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. "कोठारात चार हजार एकशे नोंदी आहेत, काका. तंतोतंत पाळल्या तर त्यांतली एकही चालत नाही. बॉयलरची पाळली की बॉयलर पेटत नाही. गोदामाची पाळली की माल सापडत नाही. कॅन्टीनच्या नोंदीवरून मी स्वतः चहा करून बघितला, तो चहा झाला नाही. मला आधी वाटलं, प्रणालीतच बिघाड आहे."

खटपट्यांना क्षणभर फार बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याबद्दल वाईट वाटलं. सगळा कारखाना आपापल्या जागी बसून घाबरत होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच.

"आणि हे बघा." तिने दुसरं पान उघडलं. "लाकडी पेटी होती तेव्हा वर्षाला साठ-सत्तर कल्पना यायच्या. यंदा नव्या कल्पना शून्य. एकही नाही. ज्याला काही सुचतं त्याला प्रणाली सांगते, हे आधीच आहे. जे आधी आहे ते अर्धवट आहे. सोमवारी माझीही चर्चा आहे, काका." 

"माझं मरू दे," खटपटे म्हणाले. "पण दुसऱ्या कारखान्यातला आमचा माणूस सोमवारी उगाच जाईल. माझी नोंद तेवढी उघडा. मी लिहितो, मग तुम्ही मला गैरवर्तनात घाला, काय करायचं ते करा."

 ज्ञानताई पेनाचं टोपण काढत-लावत राहिली.

"कुलूप निघत नाही का?" खटपट्यांनी विचारलं.

"निघतं."

"पुस्तिकेत तर नाही. मी तीनदा वाचली."

"पुस्तिका मी लिहिलीय," ज्ञानताई म्हणाली आणि तिचे कान लाल झाले. "कुलूप कसं काढायचं ते लिहिलं असतं, तर कोठार भरल्यावर मला कुणी ठेवलं असतं का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग आधी खटपटे हसले, मग ती हसली, आणि काचेबाहेरून जाणाऱ्या हिशेबनीसाला वाटलं, की खटपट्यांना बढती मिळाली. ज्ञानताईने तीन बटणं एकदम दाबली. कुलूप निघालं. खटपट्यांनी एका बोटाने, पण पूर्ण, बारावी पायरी लिहिली: रोल, बॉयलरची भिंत, उभे, एक तास. बदलाचं कारण विचारणाऱ्या रकान्यात तिने 'नवी सुधारणा' निवडलं, आणि पडद्यावरचं शून्य जाऊन तिथे एक आला.

"मला सोमवारी दाखवायला एक तरी झाला," ती म्हणाली. "आता बाकीच्यांनाही एकेक करून बोलावते. दार लावून. आणि आधी माझं सांगते."

खटपटे जिना उतरले तेव्हा त्यांच्या मनावरचं ओझं गेलं होतं. पण आता त्यांना येत होतं ते सगळं कोठारात होतं. शनिवार त्यांनी खिडकीशी बसून काढला, रविवार बायकोच्या वह्यांवर रेघा मारून देण्यात. सोमवारी ते यंत्राजवळ उभे होते, रोल बॉयलरशी उभे होते, लेबलं सपाट बसत होती, आणि खटपट्यांचं लक्ष फक्त फोनकडे होतं. दुपारी चारला तो वाजला.

"मास्तर, चर्चा झालीच नाही. नोंद बदललीय म्हणाले, जा, यंत्रावर जा. लेबलं आरशासारखी बसतायत."

खटपट्यांनी भिंतीला पाठ टेकली. हे सांगितलं नाही तरी चालण्यासारखं होतं, म्हणूनच त्यांनी ते सांगितलं. "ती पायरी राहिली नव्हती रे. मी मुद्दाम गाळली होती."

"माहीत होतं मला."

"कधीपासून?"

"अहो, नऊ वर्षं ते रोल उचलून आणायला कोण होतं?" पट्टशिष्य म्हणाला. "पण मी कुणाला सांगितलं असतं, तर तुमचं काय झालं असतं?"

 सव्वीस वर्षांत कुणी पाहिलं नाही म्हणून ज्याची राखण केली, ते रोज सकाळी त्यांच्या शेजारी उभं राहून हा माणूस पाहत होता. आणि ते सांगून स्वतःची नोकरी वाचवण्याऐवजी, चर्चेच्या दारापर्यंत जाऊन तो गप्प बसला होता. त्यांनी रुमालाने डोळे पुसले आणि फिनेलचा वास फार झालाय आज, असं पॅकिंगवाल्या बाईंना उगाचच सांगितलं.

"मास्तर, आहात ना? अजून एक आहे," पट्टशिष्य सांगत होता. "आमचा बॉयलर लांब पडतो. म्हणून मी रोल कॉम्प्रेसरच्या गरम हवेसमोर धरून बघितले. दहा मिनिटांत काम होतं. तास लागत नाही."

खटपट्यांचा कॉम्प्रेसर यंत्रापासून चार पावलांवर होता. सव्वीस वर्षं ते रोज तासभर आधी येत होते. हा हिशेब त्यांनी मनात सुरू केला आणि अब्रूखातर मध्येच सोडून दिला.

"नोंद केलीस?" त्यांनी जरा करड्या आवाजात विचारलं.

"केली की. तुमची नोंद होती म्हणून आधी जुळणी झाली, पण तुमच्या त्या ताईंनी उघडून दिलं."

"सगळं लिहिलंस?"



"एक सोडून," पट्टशिष्य म्हणाला. "रोल हवेपुढे फिरवायचा कसा, ते लिहून कळत नाही, मास्तर. पाच वेळा लिहिलं आणि खोडलं. तुम्ही या इकडे, दाखवतो."

संध्याकाळी घरी आल्यावर खटपट्यांनी गुरुवारची रजा टाकल्याचं बायकोला सांगितलं. पहाटेची बस होती. तिने तपासायच्या वहीतून मान वर केली.

"गुरुवारी कुठे जाताय?"

"शिकायला," खटपटे म्हणाले.

तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "डबा देऊ?"

"दे. दोघांना पुरेल एवढा दे."